उंबऱ्याबाहेरचे आकडे

खंडेनवमीची सकाळ. सोलापूरच्या बाजारातलं शेंगांचं गोदाम. पाटावर हमालांचे पोती ओढायचे लोखंडी आकडे मांडलेले, त्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. दिवाणजींनी त्यातला एक आकडा छत्रीच्या टोकानं उचलला आणि उंबऱ्याबाहेर फेकला. खणकन् आवाज झाला.

"कुणी ठेवला हा हितं?"

माझ्या बायकोच्या मामांनी. आदल्या दिवशीच सांगोल्याकडून आले होते. आकडाही नवा, पोत्यात रुतवायचं टोक अजून काळं कुळकुळीत. मामांना काय माहीत? सगळ्यांनी ठेवले, त्यांनीही ठेवला.

मालक माझ्याकडे वळले. "तू सांगितलं न्हाईस व्हय ह्यांना?"

मी म्हणालो, "चुकलं, मालक."

चुकलं! हे मी म्हणालो. मी, मुकादम. गळ्यात शिट्टी, खिशाला पेन. पेनात शाई नव्हती, पण ते मला आणि पेनालाच ठाऊक. घरी ही गोष्ट सांगतो तेव्हा पेनापर्यंत सगळे हसतात. पुढचं सांगताना मलाच बसवत नाही. उठून येरझाऱ्या घालतो.

गोदामाचं असं होतं. नव्या शेंगांचे ट्रक यायला लागायचे, नेमके तेव्हाच कायमचे हमाल सुगीला आपापल्या गावी जायचे. मागं राहायचे पाच-सहा. आमच्या वस्तीत शेत कुणाला? म्हणून मालक मला म्हणायचे, "आण की रं माणसं." मी घरोघर फिरून आणायचो. एरवी आमची सावली नको, सुगीत आमची पाठ चालायची. पोत्याला विटाळ नव्हता.

पण आमचे आकडे पूजेला नकोत. आणि मी काय करायचो? दर साली पहाटेच ते गोळा करून मागच्या पत्र्याखाली नेऊन ठेवायचो. कुणी काही म्हणायची वेळच येऊ द्यायची नाही. केवढा हुशार! अपमान करायचे कष्टही मी मालकांना पडू देत नव्हतो. त्या साली मामांचा आकडा तेवढा नजरेतून सुटला.

तसे आम्ही देव सोडलेले लोक. पूजेचं आम्हाला काय? मीही मनाची हीच समजूत घालत आलो होतो.

आरती झाली. बाहेर चार ट्रक उभे. वर आभाळ भरून आलेलं. कायमचे हमाल पेढा खाऊन पाय पसरून बसले. पूजलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नसतं. मालक मला म्हणाले, "तुमचे आकडे मोकळेच हायत की. घ्या ट्रक खाली करून."

तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. आमचे आकडे पूजले असते तर आजचे ट्रक कुणी खाली केले असते?

मामा वाकले, आकडा उचलला, धोतराला पुसला. "जावईबापू, तुमी म्हणाल तसं."

ह्या माणसानं मला कधी अरेतुरे केलं नव्हतं. आणि मी त्यांच्या देखत म्हणालो होतो, चुकलं.

मी गळ्यातली शिट्टी काढून दिवाणजींच्या पुढ्यात ठेवली. "आमचे बी आकडे आज उचलायचे न्हाईत."

दिवाणजी हसले. "त्यांची पूजा कुटं झालीया?"

"न्हाय झाली. तरी न्हाय उचलायचे."

मालकांनी आभाळाकडे पाहिलं. आवाज एकदम मऊ. "बरं, आणा ते आकडे. दोन फुलं टाकू की. मग तर उचलाल?"

मग तर उचलाल! पूजलेलं उचलायचं नसतं, हा नियमसुद्धा आमच्यासाठी नव्हता.

"चला," मी म्हणालो. एकवीस माणसं निघाली. पाठीमागं दिवाणजी "ताडपत्री, ताडपत्री" ओरडत होते.

मुकादमी गेली. वस्तीत काही चुली त्या आठवड्यात थंड राहिल्या, मला शिव्याही बसल्या. त्या मी ऐकून घेतल्या. त्या माझ्याच होत्या.

पुढच्या सुगीला मालकांचा निरोप आला, माणसं कमी पडतायत. निरोप्याला मी एवढंच विचारलं, "कुटं उभं करणार आमाला?" तो मागं फिरला. मी दार लावून घेतलं.

अजून निरोप येतात. ह्या बाजारात आमचा माणूस बाकीच्यांच्या बरोबरीनं उभा राहणार असेल, तरच मी वस्तीत हाक मारीन. नाहीतर पोती भिजू देत. शेंगांना कोंब फुटू देत.