अजून एक बकेट

माझ्या वर्गाच्या ब्लॉगला सुरुवातीला दिवसाला सात वाचक मिळायचे, आणि त्यातले चार तर मीच असायचे. एकदा माझ्या फोनवरून, एकदा शाळेच्या कॉम्प्युटरवरून, एकदा नवऱ्याच्या फोनवरून आणि एकदा उगाच, आकडा हलतो का ते बघायला. ब्लॉग काढायची हौस माझी नव्हती. वरून निरोप आला की प्रत्येक शिक्षकाने तंत्रज्ञान वापरून शिकवावं आणि वापरल्याचा फोटो पाच वाजेपर्यंत पाठवावा. शिकवण्यापेक्षा फोटोचीच घाई. मी अमरावतीच्या राजापेठेतून रोज बदनेऱ्याला जाऊन गाडी धरणारी, चांदूर रेल्वे गेलं की पर्स आवरणारी, धामणगावला उतरून पुढे ऑटोत कोंबून घेणारी मराठीची बाई. मला कुठलं तंत्रज्ञान! पण एकदा हात बसला आणि मग मात्र मला ते आवडायला लागलं, हे कबूल करायला हवं. फार आवडायला लागलं.

ब्लॉगशिवाय वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुपही होता. मुलांजवळ फोन नाहीत, म्हणून ग्रुपमध्ये नंबर सगळे आईबापांचे. संध्याकाळी मी गृहपाठ टाकायची आणि कोणी पाहिला, कोणी नाही, त्या निळ्या खुणा मोजत बसायची. दहावीतली एक मुलगी होती, वर्गात सगळ्यात हुशार. तिच्या नंबरावरची खूण रोज सकाळी पावणेसातच्या सुमारालाच निळी व्हायची, कधीच आधी नाही. एक दिवस मी तिला भर वर्गात झापलं. "संध्याकाळचा अभ्यास सकाळी बघतेस? महाराणी झोपा काढतात की काय?" दुसऱ्या दिवशी 'माझ्या घरातील एक प्रसंग' या निबंधाची वही माझ्या टेबलावर आली.

तो निबंध मला अजून पाठ आहे. "आमच्या घरी एकच मोबाइल हाये. तो बाबाच्या बंडीच्या खिशात रायते. बाबा आंग धुवाले गेले का बंडी खुंटीवर जाते अन् मोबाइल देवळीत येते. मंग माहा अभ्यास सुरू होते. माय न्हानीच्या दाराशी उभी रायते अन् म्हन्ते, पाठ घासून देऊ काय? बाबा म्हन्ते, दे. पाठ घासून झाली का माय म्हन्ते, अजून एक बकेट घ्या, लय मळ निंगून राहिला. बाबाले वाटते, बायको लय जीव लावून राहिली. एका बकेटीत माह्या वहीत एक पान उतरते. गणिताचं असलं तं दोन बकेटी लागते."

मी स्टाफरूममध्ये एकटी बसून हसले आणि हसता हसता मला रडू यायला लागलं. आपण या पोरीला झोपाळू म्हटलं! त्या दिवसापासून मी तिचा गृहपाठ ग्रुपवर टाकायच्या आधी कागदावर लिहून तिच्या हातात द्यायला लागले. एवढं करून थांबले असते तर बरं झालं असतं.

तिचा बाप काही खलनायक नव्हता, हे आधीच सांगते. काळी कसदार जमीन, शांत बोलणं, गावात मान. पोरीच्या शिक्षणासाठीच त्याने तो मोठ्या स्क्रीनचा फोन घेतला होता आणि तसं तो चारचौघांत सांगायचाही. फक्त पोरीच्या हातात फोन द्यायचा नाही, एवढं त्याचं होतं. पोरीच्या जातीला फोन एकटीला नको. त्या भागात घरोघरी हेच आहे. मी शहाणी त्यांना काय समजावणार, माझ्या स्वतःच्या पुतणीचा फोन तिचा भाऊ तपासतो.

दहावीचा निकाल लागला. पोरगी शाळेत पहिली आली. तिला अमरावतीला सायन्सला जायचं होतं, वसतिगृहात राहायचं होतं, आणि दुसरं काहीही नको होतं. अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मचा पहिला भाग भरायला बाप स्वतः तिला घेऊन शाळेत आला. धुतलेला पायजमा, बंडीवर नवा शर्ट. त्याच्या नंबरावर ओटीपी आला तेव्हा त्याने चष्मा लावला आणि सगळ्या स्टाफरूमला ऐकू जाईल असा एकेक आकडा वाचून दाखवला. "घ्या मॅडम, च्यार... सात... अजून सात..." वाचून झाल्यावर पोरीकडे बघून म्हणाला, "झाली का वं भर्ती?" आम्ही सगळे हसलो. कॉलेजांची पसंती भरणं आणि ती पक्की करणं हा दुसरा भाग पुढच्या आठवड्यात होता. त्यालाही त्याच नंबरावरचा ओटीपी लागणार होता.

त्या मधल्या आठवड्यात मला अकोल्याला प्रशिक्षणाला बोलावलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत, हाताला काम नाही म्हणून, मी मुलांचे जुने निबंध ब्लॉगवर चढवले होते. त्यात तो निबंधही. नाव घातलं नव्हतं. 'दहावीची एक विद्यार्थिनी' एवढंच. भाषा एका शब्दाने बदलली नाही, याचा तर मला केवढा अभिमान! तिला विचारलं का? नाही विचारलं. बाई विद्यार्थ्याला विचारते का कधी, तुझी वही दाखवू का म्हणून? आम्हाला ती सवयच नाही. चांगली वही दिसली की आम्ही ती वर धरून सगळ्या वर्गाला दाखवतो. पंचवीस वर्षं मी हेच करत आले. फक्त या वेळी वर्ग किती मोठा आहे ते मला दिसत नव्हतं.

अकोल्याच्या त्या हॉलमध्ये प्रत्येकाला आपलं काम पडद्यावर दाखवायचं होतं. कोणी व्हिडिओ दाखवले, कोणी प्रश्नमंजूषा. मी तो निबंध वाचला. अहो, काय हॉल हसला! "अजून एक बकेट" ला तर लोकांनी बाकं वाजवली. शिकवणारे सर म्हणाले, याला म्हणतात खरं तंत्रज्ञान. लिंक पाठवा, लिंक पाठवा, असा गलका झाला. मी पाठवली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं त्या दिवशी.

चहाच्या वेळी एक शिक्षक जवळ आले. त्यांची बहीण आमच्या शाळेच्या गावालाच दिलेली निघाली. वऱ्हाडात दोन अनोळखी माणसं चहाला उभी राहिली की बशी रिकामी व्हायच्या आत सोयरीक निघते, हे मला माहीत असायला हवं होतं. ते म्हणाले, "मॅडम, हे घर मले ओयखीचं वाटून राहिलं जी. बंडीत मोबाइल ठेवनारा त्या गावात एकच मानूस हाये." आणि त्यांनी नाव घेतलं. मी हो म्हणाले नाही. पण नाहीसुद्धा म्हणाले नाही. मी नुसती हसले.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर यायच्या आत ती लिंक गावच्या ग्रुपवर पोचली होती. बदनेऱ्याच्या फलाटावर उतरले तेव्हा फोन वाजला. तो बाप होता. आवाज चढलेला नव्हता. "मॅडम, तुमी आल्या होत्या काय आमच्या न्हानीत?"

मी गडबडले. नाव नाही घातलं हो, म्हणाले. कौतुकानं टाकलं, म्हणाले. तो सगळं ऐकून घेत होता. मग म्हणाला, "पानठेल्यावर गेलो तं पोट्टे म्हन्तात, भाऊ, अजून एक बकेट लागते काय? मले आधी समजलंच नाई. मंग एकानं वाचून दाखवलं. माह्या पोरीनं मांगतला असता तं मी देला नसता काय फोन? माह्या बायकोनं पाठ घासली, ते बी खोटंच होतं म्हना." आणि शेवटी, "मॅडम, तुमी मले साऱ्या गावापुढं नागडं केलं." फोन ठेवला त्याने. मी तिथेच फलाटावर उभी राहून निबंध काढून टाकला. त्याने काय होतं डोंबल! तोवर त्याचे फोटो निघून जिल्हाभर झाले होते. माझ्या बहिणीने मला अमरावतीहून तो 'किती गोड ना' म्हणून पाठवला.

पुढचे चार दिवस मी त्याला फोन करत होते. तो उचलायचा, हे विशेष. कधी चिडला नाही, कधी नाही म्हणाला नाही. "पाहू," म्हणायचा. "मी वावरात हावो." "जवळच आर्ट्सले जाईन ते, काय बिघडते?" फॉर्मवरचा नंबर बदलून मिळतो का ते बघायला मी अमरावतीच्या मदत केंद्रात जाऊन रांगेत उभी राहिले. तिथली बाई भली होती, पण पालकाचा अर्ज आणि सही लागते म्हणाली. पालकाचीच सही! मी तिला म्हटलं, ती मिळत असती तर मी इथे कशाला आले असते? ती म्हणाली, "मॅडम, माझ्या हातात काही नाही हो." माझ्याही नव्हतं.

शेवटच्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले. पाचला मुदत संपत होती, मी तीनला पोचले. पोरीने खाली मान घालून पाणी दिलं. तिच्या आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाप ओट्यावर बसला होता. मी त्याच्यासमोर हात जोडले. वयाने मी मोठी आहे त्याच्यापेक्षा, पण जोडले. "चूक माझी आहे," म्हटलं. "तिची नाही. मला काय बोलायचं ते बोला, पोरीचं वर्ष घालवू नका."

"बसा जी," तो म्हणाला. "चा घ्या."

चहा झाला. मी माझ्या फोनचं इंटरनेट लॅपटॉपला जोडलं, पोरीने पसंतीची कॉलेजं भरली. पहिलं, दुसरं, तिसरं, सगळी अमरावतीची. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि बटण दाबलं. बापाच्या बंडीच्या खिशात फोन वाजला. आम्हा चौघांनाही ऐकू आला. पडद्यावर सेकंद मागे मागे जायला लागले. त्याने खिशावर हात ठेवला. वाटलं, काढतो आता. तो उठला, खुंटीवरचा अंग पुसायचा दुपट्टा घेतला आणि बायकोला म्हणाला, "पानी ठेवलं काय?"

तो न्हाणीत गेला. बंडी घालूनच गेला. आतून कडी लागली.

पोरीने दुसऱ्यांदा बटण दाबलं. दाराच्या आत फोन वाजला. पाणी ओतल्याचा आवाज येत होता, तांब्या बकेटीवर आदळत होता. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन नुसती बसून राहिले. माझ्याजवळ फोन होता, नेट होतं, ब्लॉग होता, त्यावर आता वाचकांचा आकडा असा होता की मी आयुष्यात पाहिला नव्हता. आणि मला हवे होते ते सहा आकडे एका पत्र्याच्या दारामागे होते.

तिची आई भरलेली बकेट घेऊन त्या दाराशी गेली. किती वेळ नुसतीच उभी राहिली. मग कडीच्या फटीशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, "अजून एक बकेट देऊ काय?"

आतलं पाणी थांबलं. थोड्या वेळाने पुन्हा तांब्याचा आवाज सुरू झाला.

पाच वाजून गेल्यावर तो बाहेर आला. केस ओले, बंडी ओली, फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. डोळे लाल दिसत होते. साबण गेला असेल, नसेलही. माझ्याकडे न बघता तो गोठ्याकडे गेला.

पोरगी मला ऑटोपर्यंत सोडायला आली. मी तिला धीर देत होते. पुढची फेरी असते, मी पुन्हा येईन, आपण बघू, असं काय काय बोलत होते. माझंच मला पोकळ वाटत होतं. तिने सगळं ऐकलं. ऑटो सुरू झाला तेव्हा ती दांड्याला धरून वाकली आणि एवढंच म्हणाली, "मॅडम, हे लिवू नोका."

पुढच्या फेरीतही खिशातला फोन बाहेर आला नाही. ती आता गावाजवळच्या कॉलेजात आर्ट्सला जाते. ब्लॉग मी बंद केला, पण लिहायची खाज काही गेली नाही, हे तुम्हाला दिसतंच आहे. यात मी कोणाचंच नाव घातलेलं नाही. तेव्हाही घातलं नव्हतं.