पेन्शनच्या फायलीतला एक अर्ज

नोकरीत किती गुन्हे तपासले याची मोजदाद मी ठेवली नाही. बहुतेक विसरलो. हे एक प्रकरण मात्र मनातून हलत नाही, आणि त्यात शेवटी गुन्हा निघालाच नाही.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. त्या नव्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी फौजदार होतो. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस पडला नव्हता. ठाण्याचा आड आटला होता. सकाळच्या हजेरीनंतर दोन शिपाई घागरी घेऊन टँकरच्या रांगेत जायचे आणि त्यांच्या जाण्यायेण्याची नोंद स्टेशन डायरीत व्हायची. कोठडीतल्या माणसाला दिवसाला एक कळशी पाणी, हा नियम मीच केला होता.

अशा दिवसांत जवळच्या गावचा एक मोठा शेतकरी लेखी तक्रार घेऊन आला. गावातल्या बौद्ध वस्तीतला एक मुलगा पोलीस शिपाई भरतीत राखीव जागेवर निवडला गेला होता. त्याने जातीचा दाखला खोटा काढला, असं तक्रारीत होतं. मुलाचा आजा फौजेत होता आणि फौजेच्या पेन्शनच्या कागदावर आजाची जात 'मराठा' लिहिलेली होती.

"तुम्हाला हे कसं कळलं, पाटील?" मी विचारलं.

"गावचं टपाल माझ्याच ओसरीवर उतरतं, साहेब. पाकीट उघडंच आलतं."

सरकारी पाकीट उघडं येत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कागद खरा होता. कागद खरा असला की तो कोणी फोडला हे आम्ही विचारत नाही. विचारलं पाहिजे, हे आता लिहितो आहे.

गुन्हा नोंदवला. दोन पंच घेऊन मुलाच्या घराची झडती घेतली. त्याची आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेली होती. घरात ऐंशीच्या आसपासची आजी होती. लोखंडी ट्रंकेत, तळाशी, चौघडी घातलेला तोच कागद सापडला. लपवून ठेवलेला कागद म्हणजे अर्धी कबुली, असं आम्हाला शिकवलेलं. पंचनामा केला, मुलाला अटक केली. न्यायालयाने चार दिवसांची कोठडी दिली. त्याला नोकरीवर हजर व्हायला सहा दिवस उरले होते.

मुलगा बावीस वर्षांचा, बी. ए. झालेला. हवालदाराने त्याला माझ्यासमोर उभं केलं.

"आजा मराठा आणि नातू महार," मी म्हणालो. "मधे काय भानगड झाली रे तुमच्या घरात?"

हवालदार हसला. मीही हसलो असेन. मुलगा खाली बघत होता. तो म्हणाला, "भानगड म्हणायची तं कागदाची म्हणा, साहेब. माझ्या आजीची म्हणू नका."

मी त्याला हात लावला नव्हता. पण माझ्या त्या एका वाक्याने जे केलं ते पट्ट्याने झालं नसतं.

मग त्याने सरळ सांगितलं. पडताळणीला जातीचा जुना पुरावा मागितला होता. बाप कधी शाळेत गेला नव्हता, आणि आता हयातही नव्हता. "गावचे जुने कागद आधी बीदरला होते, मग उस्मानाबादला गेले, आता लातूरला येऊन राहिलेत म्हणतात. सगळीकडं हिंडलो. एक कारकून म्हणला, आजा फौजेत होता ना, पेन्शनच्या कागदावर जात असते, बापाचं नाव असतं, वंश लागतो त्याच्यावरून. मी पत्र टाकलं. आलं ते हे."

"कागदावर आजाच्या बापाचं नाव कोणाचं आहे?"

"आमच्याकडचं न्हाई. पाटलाच्या घरातलं हाय."

"मग लपवलास का?"

"आजीला वाचून दाखवलं. ती म्हणली, जाळून टाक."

"जाळला का नाहीस?"

"आजाचं नाव हाय त्याच्यावर."

आजी तीन दिवस ठाण्यासमोरच्या लिंबाखाली बसून होती. मी तिला आत बोलावून खुर्ची दिली. ती खाली फरशीवर बसली. काहीही विचारलं तरी एकच उत्तर: "मला काय ठावं न्हाई, साहेब." खोटं बोलणारा माणूस दर वेळी नवं काहीतरी सांगतो, हे मी शेकडो जबाबांत पाहिलं होतं. जो तेच ते वाक्य धरून बसतो, तो सहसा काहीतरी राखत असतो.

हवालदार तिला म्हणाला, "आजी, नातू आत हाय. तू बोललीस तं सुटंल."

म्हातारीने त्याच्याकडे बघितलं. "मेलेल्या माणसाला दिलेला शब्द परत कुणाकडून घेऊ, बाबा?"

कोठडीचा तिसरा दिवस होता. आजा फौजेतून सुटल्यावर मुदखेड जंक्शनला चौकीदारी करायचा, म्हणून त्याचं पेन्शन नांदेडला निघत असे. मूळ फाईल हातात आली तर दोषारोपपत्र पक्कं होईल, या विचाराने मी सकाळच्या एस.टी.ने लोह्यावरून नांदेडला गेलो. मुलाला सोडवायला मी गेलो नव्हतो, हे कबूल करतो.

दप्तरातल्या कारकुनाने धूळ झटकून फाईल काढून दिली. पेन्शनरचं वर्णन, उंची, कपाळावरची जखमेची खूण, गाव, जात मराठा, बापाचं नाव, डाव्या अंगठ्याचा ठसा. सगळं तक्रारीसारखंच. शेवटच्या पानामागे एक अर्ज टाचलेला होता. दुसऱ्याकडून लिहून घेतलेला, खाली अंगठा. तो ठसा वर्णनाच्या कागदावरच्या ठशाशी जुळत होता. पुढे तज्ज्ञानेही तेच सांगितलं. त्यातला मजकूर मला अजून पाठ आहे:

"भरतीचे वेळी महार जातीची भरती बंद होती. सबब अर्जदाराने जात खोटी सांगितली व गावातील दुसऱ्या घराण्यातील इसमाचे नाव बाप म्हणून लावले. निजामाचे मुलखात चौकशीस कोणी आले नाही. अर्जदाराचा खरा बाप गावचा वेसकर होता, त्याने जन्मभर वेशीवर राखण केली. तो आता हयात नाही. अर्जदार बौद्ध झाला असून यापुढे खोटे ठेवू इच्छित नाही. सरकारने द्यावी ती शिक्षा मान्य आहे. परंतु कागदावर माझ्या बापाचे नाव यावे."

खाली कोण्या साहेबाचा शेरा होता: नोंद बदलण्याची तरतूद नाही. दप्तरी दाखल.

फाईल ताब्यात घेतल्याची पावती मी लिहून दिली. कारकून म्हणाला, "असे लई अर्ज हायेत, साहेब. कोणी वाचत न्हाई."

दुसऱ्या दिवशी तक्रारदाराला ठाण्यात बोलावलं. फाईल त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणालो, "फौजेच्या कागदावर ह्या शिपायाचा बाप म्हणून तुमच्या आजोबांचं नाव आहे. कागद खरा, असं तुमचंच म्हणणं. म्हणजे शिपाई तुमचा चुलता झाला आणि कोठडीतला मुलगा तुमचा पुतण्या."

हवालदाराला राहवलं नाही. "मग वाटणी कधी करून देता, पाटील? चुलत्याचा हिस्सा निघतो जमिनीत. विहिरीत बी निघंल. तुमच्या विहिरीला तं आजून पाणी हाय."

तक्रारदार लाल झाला. "काय बोलून राहिलात? आमच्याकडं दर साली हेळवी येतो. त्याच्या वहीत आमच्या नऊ पिढ्या हायेत. त्यात हा माणूस न्हाई."

हेळवी बैलावर बसून गावोगाव फिरतो आणि शेतकरी घरांच्या पिढ्या वहीतून वाचून दाखवतो. आमच्याही घरी यायचा. सात पिढ्यांची नावं मला लहानपणीच पाठ होती. ती सिद्ध करायला मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. महारवाड्यात हेळवी जात नसे.

"नाही ना?" मी म्हणालो. "मग तसं लिहून द्या. हा शिपाई आमच्या घराण्यातला नाही, त्याने आमच्या आजोबांचं नाव खोटं लावलं."

लिहून देताना आपलीच तक्रार आपण मोडतो आहोत, हे त्याला कळलं. पेन थांबला. तरी त्याने सही केली. मुलाची नोकरी जावी असं त्याला वाटत होतं, पण त्यासाठी नातं लागणार असेल तर त्याला नोकरी गेलेलीही नको होती.

संध्याकाळी मुलाला सोडलं. त्याआधी आजीला समोर बसवून अर्ज वाचून दाखवला. एकदा वाचून झाल्यावर तिने पुन्हा वाचायला सांगितलं.

"कधी दिलता हा?"

"बौद्ध झाल्यावर, लगेच."

"पुढं लई वर्सं जगले ते." ती जमिनीकडे बघत होती. "मला बोलले न्हाईत. मी भिईन वाटलं आसंल. मरताना बी सांगितलं न्हाई, की मी सरकारला सगळं बोलून बसलोय, तू आता गप बसू नको. आन् मी पोराला कोठडीत ठिवून त्यांचा शब्द राखत बसले."

मुलगा तिच्या मागे उभा होता. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती माझ्याकडे वळली. "मग सासऱ्याचं नाव लागलं का, साहेब?"

"नाही, आजी. अर्ज दप्तरी दाखल केला."

"म्हंजे?"

"म्हणजे ठेवून दिला."

ती उठली. फरशीवर हात टेकून, कोणाचा आधार न घेता.

गुन्हा गैरसमजातून दाखल झाला, असा अहवाल मी न्यायालयाला पाठवला. आमच्याकडे त्याला सी समरी म्हणतात. न्यायालयाने तो मंजूर केला, पण तोपर्यंत हजर व्हायची तारीख उलटून गेली होती. अटक झालेला उमेदवार म्हणून मुलाचं नाव यादीतून कमी झालं. मी स्वतः तीन पत्रं लिहिली. "पुढील भरतीच्या वेळी विचार व्हावा," असं एक उत्तर आलं. पुढच्या भरतीला तो आला नाही. रेल्वेच्या रुळांवर मजूर म्हणून लागला, असं हवालदाराने नंतर सांगितलं. मी त्याला भेटायला गेलो नाही. काय तोंडाने जाणार होतो?

खोटं कोण बोललं हे शोधून काढण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. पण ते खोटं बोलायला कोणी भाग पाडलं, असा रकाना आमच्या एकाही फॉर्ममध्ये नव्हता, आणि तो नाही हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. एका माणसाला सरकारची बंदूक उचलायची होती. सरकारने त्याला त्याच्या बापाला वेशीबाहेर ठेवून ये म्हणून सांगितलं. त्या बापाला परत आत घ्यायला तो आला, तेव्हा तरतूद नव्हती. त्याच्या नातवाने वर्दी मागितली, तेव्हा मी होतो.

अहवालात मी मुलाची पूर्ण वंशावळ लिहिली होती. गरज नव्हती, तरी लिहिली. मुलगा, त्याचा बाप, त्याचा फौजी आजा, आणि त्याच्याही वर तो वेसकर, आजीने सांगितलेल्या नावासकट. समरी झालेल्या गुन्ह्यांचे कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करतात. निवृत्तीनंतर मी त्या ठाण्यात जाऊन विचारलं. माझ्याहून तरुण ठाणे अंमलदाराने रजिस्टर उघडून बोट ठेवलं. त्या गुन्ह्याचे कागद इतर पोत्यांबरोबर जाळले गेले होते. तो वेसकर आपल्या मुलाचा बाप म्हणून, नावानिशी, एवढ्या एकाच सरकारी कागदावर आला होता.