निर्मलाताईंची झडती

आमच्या यवतमाळच्या चालणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये दरवर्षी पाठीवरचं सामान कमी होतं आणि किस्से वाढत जातात. किश्श्यांना वजन नसतं, म्हणून ते कोणी काढून ठेवायला सांगत नाही!

सामान काढायला सांगणाऱ्या म्हणजे निर्मलाताई राठोड. निवृत्त पीटी टीचर, माहेर दारव्ह्याकडच्या बंजारा तांड्यावरचं. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या अंगणात चादरीवर प्रत्येकाने आपली सॅक उपडी करायची. एकेका वस्तूवर ताईंचा एकच प्रश्न, "हे कायले?" उत्तर पटलं नाही की वस्तू घरी. हीच झडती.

मला त्यांच्याबरोबर दोन मुक्कामांची जंगलवाट चालायची होती. पण चार वर्षांच्या लेकीला, ओवीला सोडून मी एक रात्रही राहिले नव्हते. जमेल की नाही, या धास्तीने मी सॅक भरत सुटायची.

०

एका दिवसाच्या ट्रेकला, ऐन मार्चात, माझ्याकडे रेनकोट निघाला.

"हे कायले?"

"अवकाळी आला तर?"

"तं भिजशील! अन् यवतमाळच्या उन्हात वाळशील बी."

०

आमचे गजूभाऊ बँकेत कॅशियर. वजन कमी करायचं म्हणून त्यांनी शर्टांची लेबलंसुद्धा कापली होती. मग सॅकमधून ठेच्याची भलीमोठी काचेची बरणी निघाली.

"लेबलं कापली अन् बरणी आनली?"

"ताई, शर्टाबिना चालीन, ठेच्याबिना घास उतरत नाई जी!"

ताईंनी बरणी घरी ठेवली आणि सगळा ठेचा भाकरींना फासून दिला. पहिल्याच जेवणाला गजूभाऊंच्या भोवती गर्दी!

०

स्वप्निल इंजिनीअर. त्याचा तंबू पिसासारखा हलका, किंमत विचारू नका. दुपारच्या विसाव्याला तो आत शिरला. ताईंनी दोन झाडांना जुनं लुगडं बांधलं आणि सावलीत आडव्या झाल्या. थोड्याच वेळात तंबूतून लालबुंद स्वप्निल बाहेर!

"ताई, सावलीचं एक टोक मिळेल का?"

"ये बाप्पा."

पडल्या पडल्या त्याने विचारलं, "हे सगळं यूट्यूबवर बघितलं का?"

"आमचे पणजे बैलांवर मीठ लादून मुलूख फिरले. बैलाची पाठ सोलली का धंदा बसला. मी मान्साची पाठ पाह्यते, येवढंच."

०

शेवटी दोन मुक्कामांची झडती आली. फेब्रुवारीचं कोरडं ऊन; मी निर्दयपणे सामान काढलं होतं. ओवी बाबांबरोबर माझी झडती बघायला आली होती. ताई तिला म्हणाल्या, "आज तुह्या मायची झडती तू घे वं."

ओवी मांडी घालून बसली. "हे कायले?" "हे कायले?" मी पाण्याच्या बाटल्या, टोपी, चादर, सगळ्यांची उत्तरं दिली. सगळं पास! मग तिने तळातून एक घडी ओढली.

"आई, हा तर माझा फ्रॉक आहे. तुला होणारच नाही!"

सगळं अंगण हसलं. उद्या जाऊच नये, असंच मला वाटलं.

ताईंनी फ्रॉक हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि माझ्या सॅकमध्ये परत ठेवला.

"राहू दे. चुलीवरून भांडं उतरवाले फडकं लागते."

दोन्ही मुक्कामांना चहाचं भांडं ताईंनी सागाची पानं दुमडून उतरवलं.