गुरुजींचा जप्त स्टोव्ह

"माझा स्टोव्ह आणून द्या, नाहीतर इथंच तीन दगड मांडून चूल पेटवतो," गुरुजी कॉलनीच्या मधोमध उभे राहून ओरडत होते. हातात साबुदाण्याच्या खिचडीचा डबा. शनिवारची दुपार, अर्ध्या दिवसाची कचेरी करून सगळे पुरुष घरी आलेले. आवाज असा, की ओझरच्या विमान कारखान्यात धावपट्टीवर काढलेलं विमान ऐकून परत आत गेलं असेल. सारा जन्म घोटीकडच्या शाळांत, पत्र्यावर पाऊस बडवत असताना पाढे म्हणवून घेतलेले. माणूस निवृत्त झाला होता, गळा नव्हता झाला.

आम्ही दाराच्या फटीतून बघत होतो, कारण स्टोव्ह आम्हीच जप्त केला होता. प्रेमाने.

झालं होतं असं. सत्तरचं दशक सरत आलं होतं. गुरुजींची बायको वारली, मुलाची नागपूरला बदली झाली आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत गुरुजी एकटे उरले. एका संध्याकाळी त्यांचं दूध उतू गेलं, पातेलं करपलं, धूर झाला. एवढंच. पण आमच्या कॉलनीत बातमी जिना चढता चढता वयात येते. पहिल्या मजल्यावर पोचली तेव्हा पडदे जळाले होते. दुसऱ्या मजल्यावर गुरुजींना खांद्यावर टाकून बाहेर काढलं होतं, आणि काढणारे प्रत्येक घरात वेगळे होते. आमच्या घरात मी होतो.

लगेच वृद्धांच्या काळजीसाठी समिती निघाली. अध्यक्ष जिल्हा कचेरीत मोठे कारकून. समिती नेमल्याशिवाय त्यांना शिंकही येत नसे. म्हातारी माणसं वाढत चालली आहेत, समाजाची म्हणून काही जबाबदारी आहे, असं ते इतकं कळवळून बोलले की मागच्या रांगेतल्या दोघांनी आपापल्या वडिलांना गावी पत्र टाकायचं ठरवलं. टाकलं नाही, पण ठरवलं. मग ठराव झाला: स्टोव्ह अध्यक्षांच्या माळ्यावर ठेवायचा आणि गुरुजींना रोज एका घरातून डबा द्यायचा. गुरुजींना कुणी विचारलं नाही. ते समितीचा विषय होते, सभासद नव्हते.

आता वार वाटून घ्यायचे. उपासाच्या दिवशी अन्नदान केलं की पुण्य दुप्पट, त्यामुळे जो तो आपल्या उपासाचा वार मागू लागला. शंकरवाल्यांनी सोमवार घेतला, गणपतीवाल्यांनी मंगळवार. गुरुवार दत्ताचा, तो खुद्द अध्यक्षांनी ठेवला. शुक्रवारी संतोषीमाता, शनिवारी मारुती. आणि ज्या घरात उपास, त्या घरात एका माणसासाठी वेगळी भाजी-पोळी कोण करणार? साबुदाणा, भगर, रताळं, पुन्हा साबुदाणा. बुधवार आमच्याकडे आला. माझी बायको म्हणाली, रोज साबुदाणा खाऊन बिचाऱ्यांचं पोट बिघडलं असेल, आणि तिने पेज पाठवली. रविवारी कॉलनीभर मटण शिजायचं, पण या वयात त्यांना सोसायचं नाही म्हणून वरणभात.

गुरुजी बौद्ध. जन्मात उपास केला नाही. त्यांचं जेवण म्हणजे भाकरी, लसणाचा ठेचा आणि तव्यावर भाजलेला सुका बोंबील. त्यांनी चहाला बोलावलं की निम्म्या कॉलनीचा चहा नेमका आत्ताच झालेला असे. अशा माणसाला आम्ही चार महिने तेहेतीस कोटींचे उपास घडवले.

त्या शनिवारी ओरडा ऐकून शेवटी अध्यक्ष खाली उतरले. "गुरुजी, या वयात हलकं अन्न बरं."

"साबुदाणा हलका? माझ्या पोटात रबराचं झाड उगवाय लागलंय. देव तुमचे आणि उपास मी धरायचे? आमचे बुद्ध तर उपास सोडून उठले होते."

"पण उद्या काही पेटलं, तर समाजाला आम्ही काय तोंड दाखवायचं?"

"समाज म्हणजे तुम्हीच ना? आरशात दाखवा."

फटीफटीतून हसू फुटलं. मग गुरुजी एकदम हळू बोलले, म्हणून ते सगळ्यांना ऐकू आलं. "अहो, माझा दिवस कशात जातो ठाऊक आहे? पीठ मळायचं, भाकरी थापायची, तवा घासायचा. तेवढंच काम राह्यलं होतं. तेही तुम्ही माळ्यावर टाकलंत."

अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि तिथल्या तिथे तातडीची सभा भरवली. स्टोव्ह परत द्यायचा, पण अट अशी की तो संध्याकाळी, समितीच्या जबाबदार सभासदाच्या देखरेखीतच पेटेल. वार ठरलेलेच होते.

पहिल्या आठवड्यात सभासद दाराबाहेर उभे राहून देखरेख करत. दुसऱ्या आठवड्यात उंबऱ्यावर टेकले. मग बोंबील भाजण्याचा वास सुटला. त्या वासाने त्र्यंबकेश्वरचे भटजीसुद्धा मंत्र विसरले म्हणतात. उपाशी कारकुनांची काय कथा? देखरेख लांबत गेली. सोमवारचा माणूस मंगळवारीही येऊ लागला. मारुतीचे भक्त निघताना खिडकीत उभे राहून चूळ भरू लागले आणि घरी जाऊन भगर पानात टाकू लागले. ज्यांचा चहा कायम आत्ताच झालेला असायचा, ते आता भाकरीचा पापुद्रा नीट सुटला नाही म्हणून कुरकुर करत. गुरुजी पिठाचा डबा दर आठवड्याला मोठा घेत होते आणि अंगाने भरले होते.

एका गुरुवारी मी देखरेखीवरच्या देखरेखीला गेलो होतो. अध्यक्ष पाटावर मांडी घालून, तिसऱ्या भाकरीवर. तेवढ्यात दार वाजलं. बाहेर त्यांची बायको, हातात राजगिऱ्याच्या लाडवांची वाटी.

"गुरुजी, हे आहेत का इथं? कडक उपास आहे त्यांचा, सकाळपासून पोटात काही नाही. म्हटलं, चक्कर यायची."

अध्यक्षांचा घास तोंडातच थांबला. त्यांनी गुरुजींकडे असं पाहिलं, की दगडसुद्धा त्यांच्यासाठी खोटं बोलला असता. गुरुजींनी तव्यावरची भाकरी उलटली, कडा दाबली.

"आहेत. जेवतायत," ते म्हणाले.