मी न केलेला जॉब

"ए मणिबेली, तू पुढं उभी ऱ्हाय. फक्त बोलू नको. तुन्ही मराठी ऐकीसन कमिटी पळी जाई."

विभागप्रमुख सर भर वर्गात बोलले. पोरं खो खो हसली. मीही हसले. तेच खुपतं मला. सरांना तर सवयच. मी का दात काढले?

मणिबेली माझं गाव. नर्मदेच्या धरणात बुडालं, उरलंसुरलं काठाला आहे. मला आईबापानं नाव ठेवलंय. पण शहाद्याकडच्या या कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षापर्यंत सरांच्या तोंडी ते कधी आलं नाही.

कमिटी म्हणजे कॉलेज तपासून त्याचा दर्जा ठरवणारी माणसं. ती येणार म्हटलं की आमच्याकडे लग्नघर. लेथवरच्या, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावरच्या, ताडपत्र्या निघतात, भिंतींना रंग लागतो, विभागाची ध्येयं पोरांकडून घोकून घेतात. 'आदिवासी भागाच्या गरजा जाणणारे अभियंते घडवणे.' त्या ओळीचा पुरावा म्हणून मला लेथजवळ उभं केलं. हातात लेथवर घडवलेला लोखंडाचा तुकडा दिला. त्याला जॉब म्हणतात. कुणी विचारलं तर सांगायचं, मी केला.

कसला मी केला! बाहेरच्या वर्कशॉपमधून आणलेला होता तो. आम्हा मुलींना लेथला हात लावू दिला नाही. सर म्हणायचे, "पोरीहो, तुम्ही रीडिंग लिहा." लिहिलं. प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी मार्कही घेतले, गुपचूप. तिकडं वडील गावात पेढे वाटून मोकळे. ते बोट चालवतात. आमचा बाजार, दवाखाना, सगळं बोटीनं. ते सांगत सुटलेत, आता इंजिन बिघडलं तर माझी पोरगी बघेल. अहो, त्या बोटीत बाळंतपणात अडलेल्या बायका बसतात! लाज तर वाटतेच, पण त्याहून भीती वाटते.

कमिटीतल्या मॅडमनी विचारलं, "हा जॉब तू केलास?"

सरांनी डोळे वटारले. मी तो तुकडा लेथवर ठेवून दिला.

"नाही मॅडम. मला लेथ चालवता येत नाही. शिकवलंच नाही."

कमिटीची गाडी गेली आणि सर कडाडले, "खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?"

हेतल माझी रूममेट, सारंगखेड्याची. ती इतकंच म्हणाली, "तुन्हं खरं तुन्हापाशी. कॉलेजनं नाव गयं तर आम्हना नोकरीनं काय?" मग तोंड फिरवून झोपली. तिचं तरी काय चुकलं? तिच्याकडे बघितलं की अपराध्यासारखं होतं. माझ्या खऱ्याची झळ तिलाही बसणार, आणि ते मला ठाऊक होतं.

सरांचा निरोप आलाय. माफी माग, मिटवून टाकू.

मागणार नाही. उद्या सकाळी लेथसमोर उभी राहून सांगणार, शिकवा. जे शिकले नाही त्याचे मार्क घेणार नाही. नापास करायचं तर करा. पुन्हा बसेन, पुन्हा नापास करा. पण हाताला काम आल्याशिवाय मी इथून हलत नाही.