भाजण्याआधीचा सौदा

रविवारी माझ्या मुलीच्या नव्या घराची वास्तुशांत आहे, हे मला तिच्या मावशीकडून कळलं. मावशी नेपरव्हिलला असते. तिने फोनवर सहज विचारलं, "तुमची फ्लाइट कितीची?" मी म्हटलं, "बघतोय अजून." फ्लाइट कसली, मला बोलावणंच नव्हतं. मग मावशीच पुढे म्हणाली, की बेलव्ह्यूच्या त्या नव्या घरी सामान हलवताना पोरीचं ते काळं-पांढरं मातीचं भांडं फुटलं आणि ती दिवसभर रडली.

त्याच भांड्यावरून आमचं बिनसलं होतं. चार वर्षांपूर्वी, बायको गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात, आम्ही दोघं न्यू मेक्सिकोत फिरायला गेलो होतो. तिथल्या मूळ रहिवाशांच्या गावांना प्वेब्लो म्हणतात. अशाच एका गावात एक बाई घरासमोर टेबल मांडून भांडी विकत होती. मुलीने एक उचललं. मी भाव केला. निम्म्यावर आणला. बाईने ते कागदात गुंडाळून दिलं. आम्ही गाडीत बसलो, तशी मुलगी दार उघडून परत गेली आणि माझ्यादेखत उरलेले पैसे त्या बाईच्या हातात ठेवून आली.

परक्या बाईसमोर पोटच्या पोरीने मला खाली पाहायला लावलं. तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्यानंतर आम्ही फक्त दिवाळीला बोलतो, तेही मिनिटभर. मला आजही वाटतं की चूक तिची होती. मी या देशात आधी दुसऱ्याच्या गोदामात लाद्या उचलल्या आणि मग मी राहतो त्या फ्रिस्कोत ओट्यांच्या ग्रॅनाइटचं स्वतःचं दुकान काढलं. घासाघीस केली नसती तर तिच्या कॉलेजची फी कुठून आली असती? हे तिला कधी कुणी विचारलं नाही.

तरी बुधवारी पहाटे मी गाडी काढली. तसंच भांडं घ्यायचं, अल्बुकर्कीला गाडी ठेवून शनिवारचं विमान पकडायचं आणि रविवारी तिच्या दारात उभं राहायचं. हातात ते भांडं असलं की का आलास असं कोण विचारणार?

दहा तासांनी पोचलो. टेबल नव्हतं, पण बाई घरात होती. माझ्याच वयाची, हाताला माती. दारातून मला न्याहाळून म्हणाली, "तुमची मुलगी कशी आहे?"

"तुम्हाला मी आठवतो?"

"तिच्यामुळे आठवता. दर ख्रिसमसला कार्ड पाठवते मला."

मला चार वर्षांत एक कार्ड नाही. मी विषय बदलला आणि भांडं मागितलं. तयार एकही नव्हतं. आत फळीवर पाच भांडी वाळत होती. रंग दिलेली, पण अजून कच्ची. मधलं अगदी मुलीच्या भांड्यासारखं होतं. तिथे चाक नाही. मातीच्या वळ्या एकावर एक चढवायच्या, भोपळ्याच्या कवटीच्या तुकड्याने खरवडून भिंत पातळ करायची आणि मग गुळगुळीत दगडाने तासन् तास घासायचं. तिचा दगड आजीकडून आलेला होता. मी दगडाच्या धंद्यातला माणूस. हातात घेतला तर अंगठ्याच्या जागी खोलगट झिजलेला.

"हे मधलं कधी मिळेल?"

"आठवड्याने. अजून ओल आहे."

"मला शुक्रवारी हवंय."

"माती घड्याळ बघत नाही."

मी वाटाघाटीला बसलो. चहा आला. तासाभराने ती शुक्रवारी भाजायला तयार झाली, कारण मुलीचं नवं घर आहे हे मी सांगितलं. तिथेच थांबलो असतो तर मी मी नसतो. म्हटलं, "कच्चंच विकत घेतो आत्ता, जोखीम माझी. मग किंमत कमी करा."

ती हसली. "फुटलं तर?"

"तर माझं फुटलं."

"आणि पैसे?"

"ते तुमचे."

हात मिळवले. माझ्या दुकानात दगडाला कापताना तडा गेला तर नुकसान गिऱ्हाइकाचं, अशी पाटीच आहे. पन्नास वर्षं हेच काम करणाऱ्या बाईच्या हातून किती फुटणार, असा माझा हिशोब होता.

शुक्रवारी उजाडताच वारा पडलेला होता. घरामागे तिने जाळीवर पाचही भांडी उपडी घातली. त्यांच्यावर जुन्या फुटक्या भांड्यांचे तुकडे आणि पत्रे झाकले. भोवती रचायला पोत्यातून काढल्या त्या चक्क गोवऱ्या. थापलेल्या नव्हत्या, गायरानात आपोआप वाळलेल्या, पण वास तोच. मी म्हटलं, "आमच्याकडे यावर भाकऱ्या भाजायचे."

"मग बघत काय उभे? रचा."

मी गुडघ्यांवर बसून रचू लागलो. किती वर्षांनी कुणी मला हाताला काम दिलं होतं. ती सांगे, इथे फट ठेवा, तिथे नको. आम्ही दोघं फारसं बोललो नाही आणि मला बरं वाटत होतं.

आग पेटली आणि फोन वाजला. ह्यूस्टनचा सप्लायर. माल उशिरा येणार म्हणाला. मी ओरडलो. किती वेळ ओरडलो ते कळलं नाही. फोन ठेवला तेव्हा ती माझ्याकडे बघत होती.

"गाडीत जाऊन बसा."

"काय?"

"रागावलेलं माणूस आगीजवळ नको. माझी आई मलासुद्धा हाकलून द्यायची."

"फोनवर बोललो मी! तुमच्याशी नाही."

"मातीला ते कळत नाही. बसा जाऊन."

मी गाडीत जाऊन बसलो. लाद्या उचलायचो त्या गोदामातही मला कुणी असं हाकललं नव्हतं. काच बंद, समोर उघडा माळ आणि घरामागून सरळ वर जाणारा धूर. कुणाला तरी फोन करून ही बाई काय म्हणाली ते सांगावं म्हणून मी फोन काढला. नावं खाली-वर केली. सप्लायर, फिटर, टॅक्सवाला. अशा गोष्टी मी बायकोला सांगत असे. तिच्यानंतर मुलीला सांगितल्या असत्या. फोन खिशात ठेवला.

दीड तासाने तिने काचेवर टकटक केलं. "तुमचं गेलं."

मी ताडकन उतरलो. "पाचातलं नेमकं माझंच?"

ती घरामागे चालू लागली. राखेत तीन भांडी धड होती. माझ्याचा अर्धा गळा उडाला होता. त्याच्या शेजारी तिचं सगळ्यात मोठं भांडं बुडापासून उभं चिरलं होतं. त्यावरचे पक्षी तिने महिनाभर रंगवले होते, हे तिने बुधवारीच सांगितलं होतं.

"माझ्या रागाने?" मी विचारलं.

"ओल होती. घाई झाली."

घाई कुणी केली ते ती बोलली नाही. बोलली असती तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. मी पाकीट काढलं. "या मोठ्याचे किती?"

"ते विकायचं नव्हतं."

"मग माझ्या भांड्याची पूर्ण किंमत तरी घ्या."

"सौदा झालाय आपला," ती म्हणाली. "धड असलेलं यातलं एक न्या हवं तर. पण तुमच्या मुलीच्या भांड्यासारखं यात एकही नाही." आणि फुटके तुकडे बादलीत गोळा करू लागली. ते कुटून पुढच्या मातीत मिसळतात. नवं भांडं त्यानेच टिकतं म्हणे.

मी काहीच नेलं नाही. गावाबाहेर येऊन गाडी बाजूला घेतली आणि मुलीला फोन लावला.

"बाबा? ऑल ओके?"

"मी प्वेब्लोतल्या त्या भांडी घडवणाऱ्या बाईकडे आलो होतो."

"कितीला पाडलंस?"

मी सगळं सांगितलं. कच्च्याचा सौदा, ओल, घाई, मोठं भांडं, गाडीत बसवलं तेही. शेवटी म्हटलं, "हातात काही नाही आता. रविवारी येऊ का?"

धंद्यात मी एक शिकलोय. मागणी केली की तोंड मिटायचं. जो आधी बोलतो तो हरतो. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी तिला इंग्रजीत काही विचारलं. मला गप्प राहवलं नाही.

"नसेल जमत तर राहू दे गं."

"बाबा, संडेला सगळे असणार. मला त्या दिवशी टेन्शन नकोय. सोमवारी ये. सगळे गेल्यावर."

"रविवारी रात्री?"

"सोमवार, बाबा."

"बरं. सोमवार."

तिने फोन ठेवला. मी विमान कंपनीला फोन करून तिकीट बदललं, जो जादा आकार सांगितला तो भरला. मग अल्बुकर्कीच्या हायवेलगत एक मोटेल घेतलं, तीन रात्रींसाठी.