सासऱ्याला नाही म्हणायचं काम

मी चौथीपर्यंत शिकले. पुढं घरच्यांनी शिकवलं नाही आणि त्यावरून मी कधी रडलेही नाही. आमच्या शेडमध्ये कंप्युटर कसा आला आणि कसा टिकला हे मी सांगायला लागले की लोक हसतात. हसू देत. शेडचा अर्धा वाटा माझ्या नावावर आहे आणि तेव्हाही होता.

शेड बीडच्या बाहेर, एमआयडीसीत. वर पत्रे, खाली कोबा, आत लेथ मशिनी. माझे मालक वारल्यावर कामकाज धाकटे दीर बघायचे. आधी आम्ही इंजिनांचे आणि उसाच्या चरकांचे भाग दुरुस्त करून द्यायचो. मग ती वर्षं आली जेव्हा बाहेरच्या कंपन्यांना देश मोकळा झाला आणि औरंगाबादेकडं मोटारसायकलींचे कारखाने वाढले. तिथल्या एका कंपनीनं आम्हाला बुश बनवायचं काम दिलं. बुश म्हणजे पोलादी कडं, अंगठ्यात बसेल एवढं. ते गाडीच्या सांध्यात ठोकतात. घेरात जरा कमीजास्त झालं की गाडी खडखडते.

बाकीची कामं सोडून आम्ही त्या एकाच कामावर बसलो. मग कंपनीच्या साहेबांनी अट घातली. प्रत्येक पेटीतले नग विजेवरच्या मापानं मोजायचे, त्या मापाची वायर कंप्युटरला जोडायची. माप बरोबर असेल तर पडद्यावर हिरवं येतं, चुकलं तर लाल. लाल आलेली पेटी शेडबाहेर जाता कामा नये.

दिरांना हा अपमान वाटला. त्यांची सवय अशी की बुशमध्ये बोट घालायचं, फिरवायचं आणि पेटीत टाकायचं.

"वैनी, हे डबडं मला शिकवणार का? माझ्या बोटाला समदं कळतंय."

"इंजिनाचं कळतंय भाऊजी. ह्यांचं माप लई बारीक हाय. ते कुणाच्याच बोटाला कळायचं न्हाई."

कंप्युटर आला. त्याच्यावर बसायचं कुणी? माझा मुलगा टेम्पोवर माल घेऊन रस्त्यात असायचा. सून तलवाड्याची. लग्नाआधी तिनं गेवराईला जाऊन कंप्युटरचा क्लास केला होता, आणि आमच्या घरात येऊन ती भाकरी थापत होती. मी म्हटलं, ही बसेल. दीर म्हणाले, शेडमध्ये बाप्यांत सून बसवायची? मी म्हटलं, शेतात बाप्यांत खुरपायला चालते, तर इथं सावलीत का चालत नाही? ती बसली.

बसली म्हणजे खुर्ची तिची झाली एवढंच. आमच्या घरात सासऱ्यासमोर सून बसत नाही. चुलत सासरा असला तरी तेच. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि उलट शब्द नाही. मी स्वतः माझ्या सासऱ्यांशी दाराआडून बोलले, ते वारेपर्यंत. शेडमध्ये दीर दिवसभर लेथपासून टेबलापर्यंत येरझाऱ्या घालायचे आणि ते दिसले की ही उभी राहायची. कामगार आपसात म्हणायचे, "कंप्युटरवाल्या वैनींला खुर्ची कशाला दिली, खांब दिला असता टेकायला." मी ऐकलं. मला हसू आलं नाही, पण रीत म्हणून मी काही बोललेही नाही.

त्यानंतर एकदा कंपनीतून माल परत आला, टेम्पो भरून. बुश ढिले निघाले होते. पाठोपाठ साहेबांचा निरोप आला की येऊन बोलतो, आणि बोलणं झाल्यावर काम चालू ठेवायचं की काढून घ्यायचं ते ठरवतो.

काम गेलं असतं तर शेडला कुलूप लागलं असतं. दुसरं काम आमच्याकडं उरलं नव्हतं. आमचे कामगार बहुतेक चकलांब्याकडचे. त्यांचे भाऊबंद दिवाळीनंतर बायकापोरं घेऊन ऊस तोडायला जायचे. हेही कोयता घेऊन त्यांच्या मागं गेले असते.

दिरांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "मोजायचं काम सूनबाईचं होतं. तिनं काय मोजलं तिला इचारा. मी आधीच म्हणलं होतं." सून मान खाली घालून उभी. कामगारांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

घरी आल्यावर ती चुलीपुढं बसली. मी तिच्या समोर बसले.

"लाल आलं होतं का?"

तिनं पिठात हात तसाच ठेवला. "आलं होतं, आत्याबाई."

"मग पेटी गेली कशी?"

"मामा आले. मी उठले. त्यांनी बोट घालून बघितलं अन् म्हणले, ब्येस हाय, भर."

"पडदा दाखवायचा."

"ते पडद्याकडं बघतच न्हाईत. तोंडानं सांगावं लागलं असतं."

"मग सांगायचं ना!"

आता तिनं वर बघितलं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ती माझ्यावर चिडली. "काय सांगू? मामा, तुमचं चुकलं म्हणू? या घरात कोण म्हणलंय तसं आजवर? तुमी म्हणलात का?"

तिचं खरं होतं. भाकरी जळत होती, ती मी उलटली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पांढरा सदरा, तरुण माणूस, चहा नको म्हणाले. दिरांनी आधीच तोडगा काढून ठेवला होता. "साहेब, बाईमाणसाला हे झेपत न्हाई. आम्ही पगारी माणूस ठेवतो, डिप्लोमा झालेला." साहेबांना ते पटलं. त्यांच्या ओळखीत असा एकजण होताही.

सून तिकडं कोपऱ्यात उभी होती, खुर्चीपासून लांब. गोष्ट मिटत आली होती. मी नको म्हटलं.

"का नको?" साहेब म्हणाले. "तुमच्याच भल्याचं आहे, मावशी."

"साहेब, तुमचा कंप्युटर चुकला न्हाई अन् माझी सूनही चुकली न्हाई. लाल आलं होतं. तिनं बघितलं होतं. ह्यांनी भर म्हणलं. आमच्यात सून सासऱ्याला नाही म्हणत न्हाई, म्हणून माल तुमच्याकडं आला."

दिरांचा चेहरा उतरला. घरातली गोष्ट मी परक्यापुढं काढली होती. "वैनी, काय बोलायलाव!"

"झालं ते बोलायले."

साहेब म्हणाले, "मग तर बाहेरचाच माणूस बरा."

"त्याला पगार कोण देणार?"

"तुम्हीच."

"म्हणजे हे भाऊजीच. मालक भर म्हणल्यावर पगारी माणूस नाही म्हणंल का? तो आजच्या आज भरंल, वर ह्यांना चहा आणून देईल. हिला निदान घरातून कुणी काढू शकत न्हाई. मी हाय तोवर तर न्हाईच."

साहेब हसले की खोकले ते मला कळलं नाही. त्यांनी सुनेला बोलावून विचारलं, "पुढच्या वेळी लाल आलं तर थांबवाल?" तिनं पदर आणखी पुढं ओढला. दीर समोरच उभे होते ना! साहेबांनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे बघा, मी काय म्हणत होतो. मी म्हटलं, "एक खेप द्या. लाल पेटी तुमच्या दारात आली तर काम काढून घ्या. मी तोंड उघडणार न्हाई." ते एका खेपेला कबूल झाले.

ते गेल्यावर मी सगळ्या कामगारांदेखत सांगितलं, शेडमध्ये सासरा नाही आणि सून नाही. भाऊजी आले तरी ती उठणार नाही. ती नको म्हणाली की पेटी टेम्पोत चढणार नाही. ज्याला पटत नसेल त्यानं माझ्या वाट्याच्या अर्ध्या शेडमध्ये पाय ठेवू नये.

घरी जाऊबाई वाट बघत होत्या. "आता सासऱ्यानं सुनंपुढं हात जोडून उभं ऱ्हायचं का? उद्या कपिलधारच्या यात्रेला गेल्यावर चार बायका इचारतील, तर काय सांगू?"

"सांग, थोरलीला अक्कल न्हाई. अन् त्यांच्या घरी किती माल परत आला तेबी इचारून ये."

त्या खेपेच्या दिवशी मी सकाळपासूनच शेडमध्ये पोत्यावर बसून होते. मुलगा टेम्पो लावून उभा. पेट्या मोजून होत आल्या होत्या, हिरव्या, सगळ्या हिरव्या. तेवढ्यात वीज गेली. कंप्युटर खालच्या बॅटरीवर टुंटुं करायला लागला. ती थोडाच वेळ चालायची आणि शेवटची पेटी राहिली होती.

दीर लगबगीनं आले. सुनेचा हात पदराकडं गेला आणि ती खुर्चीतून अर्धी उठली.

"बस खाली," मी म्हटलं.

ती बसली. बसली खरी, पण अंग असं चोरून की खुर्ची चटके देत असावी.

दीर माझ्याकडं न बघता म्हणाले, "आटपा. भरू का?"

तिनं मापात बुश धरला. एक हिरवा. दुसरा लाल. तिसरा लाल. तिनं आणखी मोजले. नंतर हात थांबवला आणि पडद्याकडं बघत बसली. मी बोलले असते तर ते 'नाही' माझं झालं असतं, तिचं नव्हे.

"काय झालं गं?" दिरांनी विचारलं.

"ही नको, मामा."

आवाज एवढासा, पण लेथ बंद होत्या. सगळ्यांनी ऐकलं. एका कामगारानं हातातली चिंधी तशीच धरून ठेवली.

दिरांनी पेटीत हात घातला, एक बुश उचलून बोट फिरवलं. "ब्येस तर हाय. केसाचा फरक आसंल. टेम्पो थांबलाय, काय बोलायलीस?"

"केसाचाच हाय मामा. तेवढाच चालत न्हाई. भरू नका."

ती बसूनच बोलली. पदर घसरला होता आणि तो सावरायचं तिला भान नव्हतं. दिरांचा दुसरा हात पेटीच्या कडेवर गेला. मला वाटलं आता हा माणूस पेटी उचलून स्वतःच टेम्पोत टाकणार, आणि मग मला दाराशी आडवं व्हावं लागणार. मी पोत्यावरून उठायच्या बेतात होते.

त्यांनी बोटातला बुश काढला, पेटीत टाकला आणि पेटी पायानं लेथकडं सरकवली. "लेथचं हत्यार झिजलं आसंल," ते आपल्याशीच बोलल्यासारखं बोलले. मग मोठ्यानं ओरडले, "बघत काय बसलाव बे? गेट उघडा, टेम्पो जाऊ द्या!"

टेम्पो एक पेटी कमी घेऊन गेला. काम आमच्याकडंच राहिलं. जाऊबाईंनी माझ्याशी बोलणं सोडलं ते दिवाळी झाली तरी सोडलेलंच होतं. दीर शेडमध्ये सुनेशी कामापुरतं बोलायचे आणि घरी मुळीच नाही. चाललं. माल जात होता.